मागच्या दाराच्या पायऱ्या

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सहल कंपनीचे मालक, ह्यांचे सगळे सहकारी, मागच्या रांगेत अंग चोरून बसलेली वाटाडे मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे.

पत्नीने दोन शब्द बोलावेत, असं अध्यक्षांनी सुचवलं. दोन शब्दांत आटोपणारी बाई मी नव्हे, हे ह्यांनी त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

आपण सगळे ह्यांना वर्णनकाका म्हणता. कंपनीच्या माहितीपत्रकातले डोंगर, तळी, घाट, सगळे ह्यांच्या लेखणीतून उतरले. आता निरोपच आहे, तर सांगून टाकते, ह्यांनी त्यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नाही. पहिल्याच वळणावर ह्यांना उलटी होते. आमचं सगळं फिरणं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झालं. मी शेंगा निवडायची आणि हे वाचून दाखवायचे. काय सुखाचा प्रवास होता तो. ऊन लागायचं नाही, बॅग हरवायची नाही, शेजारी कोणी घोरायचं नाही.

पुढे धाकट्या बहिणीबरोबर मी खरोखरीची सहल केली. अर्धा वेळ स्वच्छतागृह शोधण्यात गेला, उरलेला ओले मोजे वाळवण्यात. तरी मला आवडलं. घरबसल्या प्रवासात आपल्याला हवं तेच समोर येतं, तिथे आपण न मागितलेलं येत होतं. आणि एक फरक सांगू? मनातल्या प्रवासात पाऊल टाकू तिथे जमीन असतेच.

त्या सहलीत आमचा मुक्काम तळ्यावरच्या विश्रामगृहात होता. ह्यांचं त्यावरचं वर्णन तुम्हाला तोंडपाठ असेल. ‘मागच्या दारातून बाहेर पडा, चार पायऱ्या उतरा, की पाण्याला पाय लागतील. धुक्यात उतरलात तर अधिकच बहार.’ मोठ्या हौसेने मी मागचं दार शोधलं. दाराला आतून जेवणाचं जड टेबल लावलेलं. बहिणीने आणि मी ते सरकवलं. बाहेर हातभर गवत, मोडका कठडा, आणि पुढे काही नाही. तळं होतं, पण फार फार खाली. मी पायाने एक दगड ढकलला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

तेवढ्यात आमचा वाटाड्या धावत आला. माझा दंड धरून म्हणाला, “काकू, आत या. आणि काकांना यातलं काही सांगू नका. आम्ही सगळे त्यांना सांगतो, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे. त्यांचं मन कशाला मोडायचं?”

मी विचारलं, “मग हे टेबल?”

तो म्हणाला, “एक गृहस्थ पत्रक हातात घेऊन या दाराने बाहेर गेले होते. धुकं होतं. ते परत आले नाहीत. तेव्हापासून टेबल लावतो.”

अध्यक्षमहाराज, माफ करा, समारंभात हे बोलायचं नसतं. पण घरी आल्यावर ह्यांना दगडाचं सांगितलं, तर हे म्हणाले, “तू भलत्याच दाराने गेली असशील.” त्या गृहस्थांचं सांगायचा मला तेव्हा धीर झाला नाही. आज झाला, कारण मालकांनी परवाच ह्यांना निरोपाची भेट दिली. तेच विश्रामगृह, आम्हा दोघांसाठी. गर्दी नको म्हणून ऐन धुक्याच्या दिवसांत. आमच्यात लुडबुड नको म्हणून वाटाड्याही नाही. मालकांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मग टेबल कोण लावणार?

मागच्या रांगेतल्या मंडळींनो, तुमच्यापैकी एकाने उभं राहून ह्यांना एवढंच सांगा, की तिथे पायऱ्या नाहीत.

कोणी उठत नाही. काय करणार, इतकी वर्षं ‘तसंच आहे’ म्हणायची जिभेला सवय झाली आहे.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे. ऐकलंत ना? हे म्हणतात, “एखादी पायरी निसटली असेल, बाकीच्या असतीलच.”

आता मी काय बोलू? मी येत नाही म्हटलं, तर हे एकटे जातील. उलटीची गोळी खाऊन जातील. कधी नव्हे ती ह्यांनी स्वतःची बॅग स्वतः भरली आहे, आणि सगळ्यांत वर ते पत्रक ठेवलं आहे. तेव्हा मी जाणार. ह्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून जाणार. आणि तिथे पोचल्यापासून मागच्या दाराला पाठ लावून बसणार.

आपण ह्यांना इतकं प्रेम दिलंत, मला मनातलं बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही वावगं गेलं असेल, तर एका बायकोचा घोर समजून पदरात घ्या. मी रात्रंदिवस त्या दारापाशी बसेन, एवढा शब्द देते. पण मीही माणूसच आहे. कधीतरी माझा डोळा लागेल.