ट्रॅक्टरला दोघांचं ऑइल

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं तू! मग आवाज असा काय विहिरीतून आल्यासारखा?… गॅरेजमध्ये? सकाळी सकाळी तू गॅरेजमध्ये काय करतेयस?… हां, हां, तुझा तो ओळखीचा गॅरेजवाला. त्याला म्हणावं ठोकाठोक जरा थांबव, माझी ताई फोनवर आहे… हं, आता येतंय ऐकू.

थांब, थांब, दूध उतू चाललंय…

हां, बोल. वाचलं दूध. काय म्हणालीस?… मिळालं? आमच्या ट्रॅक्टरला बसेल असं इंजिन?… नक्की? अगं, आमचा तो गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर, शेतातला नाही… हो, माहितीये तुला माहितीये. पण गेल्या वेळी तू मला चुलत सासूबाईंच्या मापाची चप्पल आणली होतीस, म्हणून विचारतेय.

आत्ता सांगू? आत्ताच्या आत्ता?… दुपारी दुसरा माणूस घेऊन जाणार?… अगं, इंजिन आहे ते, पडद्याचं कापड नाही. असं उभ्या उभ्या कसं सांगू?… हो, हो… अगं ऐक ना… ऐक तर! मीच म्हटलं होतं शोध म्हणून. नाही कुठे म्हणतेय मी? पण…

हे? हे अंगणात आहेत. पाइप गुंडाळतायत. तिसऱ्यांदा.

यांना विचारून काय उपयोग? यांनी तीन दिवसांपूर्वीच निकाल दिलाय. ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन संपलं. आता ट्रॅक्टर भंगारात आणि मी खुर्चीत.’ नुसतं म्हणाले नाहीत, खरंच जाऊन बसले खुर्चीत. चहासुद्धा तिथेच मागवला. मी म्हटलं, उठा, तर म्हणे कशाला… हसू नकोस गं. पस्तीस वर्षं बसच्या डेपोत इंजिनं उघडली या माणसाने. रिटायर झाल्यापासून तो ट्रॅक्टर आहे म्हणून सकाळी बाहेर पडतात, ऊन लागतं अंगाला, चार झाडांशी भांडतात. दुपारी भूक लागते. ट्रॅक्टर गेला की संपलं. मला भीती वाटते गं त्या खुर्चीची. खरंच वाटते.

मग घेऊन टाक? इतकं सोपं असतं तर तुला घेऊन टाक म्हणाले नसते का मी?… अडचण आहे. आहे एक अडचण… आता नाही सांगता येणार, खिडकी उघडी आहे… बरं थांब, शेडमध्येच जाते ट्रॅक्टरजवळ. तिथे ऐकू जाणार नाही.

हं… आले. अगं, काय पसारा हा… ऐक. कोणाला सांगायचं नाही. तुझ्या नवऱ्याला नाही, त्याच्या आईला तर मुळीच नाही. आणि त्या गॅरेजवाल्यालाही… फोन स्पीकरवर नाहीये ना?… आहे? अगं मग बंद कर की!… हो हो, नमस्कार भाऊ… हो, मीच ताई… हो, ऐकलं दूध उतू गेलेलं? वाचलं, वाचलं… बंद कर गं आधी!

केलास?… नक्की?

यांना दिसत नाही.

नाही, अगदीच नाही असं नाही. धुक्यातून बघितल्यासारखं. मोतीबिंदूच असणार. माझ्या आत्याचं अस्संच झालं होतं… सांगतायत कसले! मला आपलं कळलं. मागच्या महिन्यात ट्रॅक्टर घेऊन सरळ नळावर गेले. म्हणे स्टिअरिंग सैल झालंय. गवत कापतात तर मधे हात-हातभर पट्टा तसाच उभा, आणि हे खुशाल पुढे. मग दुपारी हे झोपले की मी कात्री घेऊन बसते… हो, कात्री! कुंपणाची मोठी. तो पट्टा कापून टाकते. उठून आले की म्हणतात, ‘बघ, कसं एकसारखं झालंय.’ मी म्हणते हो… अगं, काय करू मग? तोंडावर सांगू?

सांगितलं ना! डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या म्हणून दहादा सांगितलं. मला काही झालेलं नाही, तूच चष्मा बदल, म्हणतात.

म्हणून म्हणते, आता तूच सांग. ते इंजिन आणलं तर हे दुसऱ्याला हात लावू देतील? स्वतः बसवणार. आणि नट हातात धरून बोल्ट शोधत बसणार. शेजारचे दोघं-तिघं बघायला येणारच, त्यांना दुसरं काम काय! सगळ्यांसमोर उघडं पडणार गं. ते मला नाही बघवायचं. आणि नाही आणलं तर आहेच खुर्ची. इकडे आड, तिकडे विहीर झालंय माझं.

काय?… काय विचारतोय तो?… तू त्याला काही सांगितलं नाहीस ना?… बरं, नुसतं इंजिनाचं. हं. धूर? मारतो की, चांगला मारतो. शेजारचे कपडे वाळत घालायला घाबरतात… रंग? पांढरट. थोडा निळा… हो, जळक्या ऑइलचा वास… चढावर तर दमेकरी होतो अगदी… किती दिवस झाले? महिना. आधी थोडा होता. तीन आठवड्यांत जास्तच.

हो ना, हेही रिंगाच म्हणतात.

ऑइल? आहे की… बघू? मी बघू?… अगं मला काय कळतंय त्यातलं!… बरं, बरं, सांग. समोरच उभी आहे. पट्टी? कसली पट्टी?… पिवळी कडी… हां, सापडली. ओढू?… निघाली. ई, हाताला लागलं… पुसू? कशाला पुसायची, ओली आहे तेच तर बघायचंय ना?… बरं, त्याचं ऐकते. पुसली. परत आत घातली… परत काढली.

दोन रेघा आहेत. हो, दिसतात मला. एक खाली, एक वर… ऑइल वर आहे. वरच्या रेघेच्याही वर… थोडं नाही गं, चांगलं दोन बोटं वर. छान आहे ना मग? भरपूर आहे… काय?

परत सांग. सावकाश सांग… जास्त झालं तरी धूर मारतं?… वर चढतं आणि जळतं… दमही त्यानेच लागतो… म्हणजे रिंगा?… रिंगांचं नंतर बघू, आधी जास्तीचं काढा, म्हणतो?

कोण टाकतं म्हणजे? हे टाकतात. दर रविवारी एक वाटी. गेले तीन आठवडे बुधवारी पण एक. धुराचा वास आला की म्हणतात, ऑइल खातंय, आणखी टाकायला पाहिजे. आणि…

अगं बाई.

नाही, काही नाही… काही नाही म्हटलं ना… अगं, मीपण टाकते.

ओरडू नकोस! वेड नाही लागलेलं मला. ऐक ना… महिन्यापूर्वी हे ऑइल ओतत होते, मी खिडकीतून बघत होते. निम्मं भोकात, निम्मं फरशीवर. मला वाटलं, बिचारं इंजिन अर्धपोटी राहणार. म्हणून हे आंघोळीला गेले की मी हळूच येते आणि एक वाटी नीट ओतते… हो, रविवारी. आणि बुधवारी. मीही धूर बघतच होते ना!… पट्टीबिट्टी कुठली बघतेय मी! असते हेच आज कळलं.

पण थांब… फरशी कोरडी आहे इथली. एक डाग नाही… अगं, नरसाळं! इथे खिळ्याला नरसाळं लटकवलंय. हे नव्हतं आधी. म्हणजे सांडलेलं पायाला लागलं असणार, आणि गुपचूप नरसाळं घेतलं. तेव्हापासून यांचीही वाटी पूर्ण जातेय, माझीही… आणि हे रोज बोटाने काय चाचपतात ते आज कळलं, हीच पट्टी. ओली लागली की आहे म्हणायचं. जास्त आहे की कमी, बोटाला काय कळणार!

हसतोय का तो गॅरेजवाला?… हसू दे. कपाळाला हात लावायची वेळ आहे माझी. अगं, इंजिन मी बुडवलं त्यांचं, आणि ते तीन दिवस खुर्चीत…

शू! आले वाटतं… अहो, काही नाही. धाकटीचा फोन आहे… इथे का म्हणजे? घरात रेंज नाही… हातात? हातात पट्टी आहे. ऑइलची.

तू बोलू नकोस जरा. पण ठेवूही नकोस.

अहो, या ना इकडे. ही पट्टी बघा. ऑइल कुठपर्यंत आहे सांगा… बोटाने नाही. बघून सांगा…

…

बरं, राहू द्या. आधी माझं ऐका. महिनाभर मी चोरून यात ऑइल टाकतेय… मी. हो, मीच. तुम्ही टाकून गेलात की मागून मी. रविवारी, बुधवारी. मला वाटलं तुमचं सांडतंय… ओरडा, काय ओरडायचं ते ओरडा. दोन बोटं वर गेलंय ऑइल. रिंगाबिंगा काही नाही, आपण दोघांनी मिळून पाजलंय त्याला… अहो, हसताय काय?… अहो!

अगं, हे हसतायत. पोट धरून हसतायत. तिथे स्टुलावर बसलेत… आता थांबले.

काय म्हणालात?…

हो. दिसत नाही हे मला माहीत होतं… कात्रीचंही तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?… मीही नाही बोलले, खरंय.

ऐकलंस?… नाही ऐकू आलं? म्हणतात, रेघा दिसेनाशा होऊन दोन महिने झाले. सांगितलं असतं तर तू ट्रॅक्टरवर बसू दिलं नसतंस, म्हणतात… हो गं, रडतेय. थोडीशी. बरं वाटतंय म्हणून रडतेय, मधे मधे विचारू नकोस.

त्याला विचार, आता जास्तीचं काढायचं कसं… नको विचारू. हे म्हणतात, मला शिकवू नका, पस्तीस वर्षं तेच केलंय. खाली बसले बघ पाना घेऊन. अहो, कुठे?… माझा हात धरा. इथे. हा नट… हां, लागला! बघितलंस, एकदा हाताला लागला की यांना कोणी सांगायला नको. फोन बाकावर ठेवते. जाऊ नकोस कुठे…

…

आहेस?… अगं डबाभर निघालं! डबाभर! हवेचा फिल्टरसुद्धा ऑइलने निथळत होता, तोही पुसला. पट्टी मी वाचली. दोन रेघांच्या बरोबर मधे. यांनी तीनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, चष्मा बदललेला नाही तरी नक्की.

चालू करतायत. त्याला फोन दे, ऐकू दे… भाऊ, ऐका हं…

ऐकू येतंय का?… काय?… मलाच ऐकू येत नाहीये!… धूर? आहे अजून! खूप आहे!… थांबा, थांबा… कमी होतोय… अहो, कमी होतोय!… कुंपण दिसायला लागलं! शेजारीण दिसायला लागली! बघतेय बाई डोळे फाडून!

हां, बाहेर आले, आता बोल. काय म्हणतो तो?… झिजलंय, खडखड आहे, पण वर्ष दोन वर्षं काढेल… हेही अगदी तेच म्हणाले. शब्दाला शब्द. म्हणजे कानांना काही झालेलं नाही यांच्या… मग देऊन टाक म्हणावं ते इंजिन दुपारच्या माणसाला. आम्हाला नको. आणि भाऊंना माझा नमस्कार सांग, त्यांच्यामुळे जीव भांड्यात पडला. एकदा जेवायला घेऊन ये त्यांना.

डोळ्यांचं? मी विषयसुद्धा काढला नाही. यांनीच काढला. नट आवळता आवळता म्हणाले, ‘इंजिन नको बदलायला, माझं भिंगच बदलून आणू.’ सोमवारी जातोय… अगं हो, सोमवारी. माझ्यासमोर तारीख सांगितली, आता सोडते होय मी!… तोवर एकट्याने ट्रॅक्टरवर बसायचं नाही, झाडांकडे जायचं नाही, मोकळ्या भागातच, आणि मी कडेला उभी असणार. हे सगळं कबूल. बाळासारखी मान हलवली.

निघाले बघ. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश. खुर्ची रिकामी आहे गं. किती छान दिसते रिकामी खुर्ची… आला, पट्टा आला. मधे उभाच राहिला. मी काही बोलत नाही अजून…

थांब… थांबवला त्यांनी ट्रॅक्टर. काहीतरी ओरडतायत… काय?… अहो, काय म्हणालात?

अगं, विचारतायत, मागे किती राहिलंय.

विचारतायत गं…

अहो, हातभर!… हातभर राहिलंय! मागे घ्या, डावीकडे… नाही, तुमच्या डाव्या हाताला!… अजून… अजून थोडं… हां, बस! असंच या सरळ!… ठेवते गं, ठेवते आता… कात्री? नाही, आज कात्री शेडमध्येच राहू दे.