आयुषचा किल्ला

(कर्वेनगरमधला फ्लॅट, सकाळचा दुसरा चहा. भीमराव आणि प्रेमला परवाच फ्रान्सहून, मुलाकडून, आयुषकडून परतले आहेत. भीमरावांचे वडील संपतआबा टॅबवर फोटो पाहत आहेत.)

आबा: आन् हे?

भीमराव: ही तटबंदी. गावाभोवतीची.

आबा: आन् हे?

भीमराव: हीसुद्धा तटबंदी. उत्तरेकडून.

आबा: आन् हे रं?

प्रेमला: तटबंदीच, आबा. तुमच्या चिरंजीवांनी चारी बाजूंनी पाहणी केलीय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तरी भिंत दिसली की फोटो काढतात. मी एकाही फोटोत नाही.

भीमराव: आहेस. त्या बुरुजाच्या सावलीत.

प्रेमला: सावलीत आहे म्हणजे दिसत नाही.

आबा: गावाचं नाव काय म्हनलास?

भीमराव: लिहिताना भरपूर अक्षरं आहेत. बोलताना दोन-तीनच वापरतात. बाकीची कशासाठी ठेवलीत, याचा खुलासा झाला नाही.

आबा: मानसं ऱ्हात्यात का तिथं, का नुसतंच बघायचं हाय?

प्रेमला: राहतात. पण दिसत नाहीत. दगडी गल्ल्या, लाकडी चौकटींची घरं, प्रत्येक खिडकीत फुलं. दोरीवर एक कपडा वाळत नव्हता, आबा. आख्ख्या गावात एक चड्डी नाही.

आबा: धूत न्हाईत?

प्रेमला: धूत असतील. लपवून वाळवत असतील. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचं गाव जसंच्या तसं ठेवायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

आबा: आन् किल्ला?

भीमराव: किल्ला गावाच्या वर. खंदक कोरडा आहे. त्यात शेळ्या चरतात.

आबा: शेळ्या बऱ्या हायेत का?

भीमराव: आबा, मी फ्रान्सला शेळ्या बघायला गेलो नव्हतो.

प्रेमला: बऱ्या होत्या. पांढऱ्या. चांगल्या भरलेल्या. पस्तीस वर्षं मी वर्गात फळ्यावर खडूने बुरूज काढून इतिहास शिकवला, आणि खरा खंदक पाहिला तेव्हा त्यात शेळ्या. आत मोठं दालन आहे, आबा. चुलाणं एवढं, की आपला हा हॉल त्यात बसेल. आणि त्या सरदाराचा संडास भिंतीबाहेर काढलाय. खाली सरळ खंदक.

आबा: मंग शेळ्या?

प्रेमला: तेव्हा नसतील.

आबा: हं. आन् ह्यो कोन?

भीमराव: कोण?

आबा: ह्यो. पांढराफटक मानूस. आंगभर भुकटी. हातात हातोडा हाय.

भीमराव: तो तिथला कामगार आहे. पुढे सरकवा.

प्रेमला: कामगारच आहे.

भीमराव: प्रेमला.

प्रेमला: मी तुमच्याच म्हणण्याला दुजोरा दिला.

आबा: ह्याचा कान आपल्या आयुषसारखा हाय.

भीमराव: कान सगळ्यांचे सारखेच असतात, आबा. चहा घ्या, निवतोय.

आबा: न्हाई. आयुषचा कान वरनं दुमडल्याला हाय, तुझ्या आईवानी. ह्याचा बी तसाच हाय. माझं दोन्ही डोळ्यांचं आपरेशन झालंय, भीमा. मला आता समदं दिसतंय.

प्रेमला: सांगा आता.

भीमराव: संध्याकाळी सांगणार होतो.

प्रेमला: काल संध्याकाळीही हेच म्हणालात.

आबा: त्यो आयुषच हाय?

भीमराव: हो.

आबा: कशानं माखलाय?

भीमराव: दगडाने. आबा, आयुषने सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आहे. सोडून दीड वर्ष झालं. तो त्या किल्ल्यावर दगड घडवायचं काम शिकतो. पडलेल्या भिंती पुन्हा बांधतात, तिथे. हे निवेदन मी त्याच्या वतीने करतोय. माझी त्याला मान्यता आहे असा अर्थ काढू नये.

आबा: दीड वरीस?

प्रेमला: दीड वर्ष.

आबा: आन् दर रविवारी फोन करत हुता की.

भीमराव: करत होता. मी विचारायचो, काम कसं चाललंय? तो म्हणायचा, जड आहे. मी म्हणायचो, मोठ्या कंपनीत जडच असणार. तो हो म्हणायचा. मी विचारायचो, प्रगती? तो म्हणायचा, हळूहळू वर चाललोय.

प्रेमला: भिंत वर चालली होती. तो खोटं एक अक्षर बोलला नाही.

आबा: मंग ह्यो फोटू कुनी काढला?

भीमराव: मी.

आबा: माहीत असून?

भीमराव: माहीत नसताना. तो आम्हाला गाडीने घेऊन गेला. म्हणाला, बाबा, एक छान जुनं गाव दाखवतो. किल्ल्याच्या दारात उभं केलं. म्हणाला, पाच मिनिटं थांबा. आणि आत गेला. तिथे काही लोक जुन्या काळचे कपडे घालून फिरतात, प्रवाशांच्या करमणुकीसाठी. थोड्या वेळाने आतून हा भुकटीने माखलेला माणूस आला. मला वाटलं, त्यांच्यापैकीच एक असेल. मी म्हटलं, वन फोटो प्लीज. त्याने फोटो काढू दिला. आणि मग म्हणाला, बाबा, मी आहे.

प्रेमला: ह्यांनी त्याला थँक यू म्हटलं.

भीमराव: ते आधीच तोंडातून निघालं होतं.

आबा: आन् तू काय म्हनलीस, प्रेमला?

प्रेमला: मी विचारलं, सुट्टी कधी असते? दुसरं काय विचारणार? मुलगा समोर उभा. अंगात भुकटीने भरलेले कामाचे कपडे, पायात भले मोठे बूट. तब्येत सुधारलेली. कंपनीत होता तेव्हा व्हिडिओवर डोळ्यांखाली काळं दिसायचं. झोप लागत नाही म्हणायचा. आता गालावर रंग होता. भुकटीखाली.

भीमराव: गालावरच्या रंगासाठी त्याला इंजिनिअर केलं नव्हतं.

आबा: मंग तू काय केलंस?

भीमराव: मी त्या जागेवरून निघून गेलो.

प्रेमला: रागावून.

भीमराव: निषेध म्हणून. पण रागावून निघून जायला ते गाव नीट नाही. एका गल्लीत शिरलो. ती वळत वळत एका चौकात आली. चौकात पावाचं दुकान. दुसरी गल्ली धरली. चढ होता, पायऱ्या होत्या, धाप लागली. परत तोच चौक. बाहेर जायला वेस एकच, आणि ती कुठे आहे ते शत्रूला कळू नये म्हणून लपवलंय की कसं, ठाऊक नाही. तिसऱ्यांदा त्याच दुकानासमोरून गेलो, तेव्हा आतल्या बाईने बाहेर खुर्ची आणून ठेवली.

आबा: तुझ्यासाठी?

भीमराव: दुसरं कोणी नव्हतं.

आबा: बसलास?

भीमराव: बसलो. तिने पाव दिला. कडक होता.

प्रेमला: खाल्लात ना?

भीमराव: खाल्ला. मी निषेधावर होतो, उपोषणावर नव्हतो.

आबा: भीमा, एक इचारू? तुला राग कशाचा आला? पोरगं सांगितल्याबिगर ऱ्हायलं, ह्याचा?

भीमराव: आबा, तुम्ही हे विचारता? तुम्ही? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आणि आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतात. मी त्या ढिगावर बसायचो. तिथे खायला सुकडी मिळायची म्हणून यायचो. संध्याकाळी आईला मूठ मिटता यायची नाही. भाकरी थापताना तळव्याने थापता यायची नाही, म्हणून बोटांनी थापायची. तुम्ही मला सांगितलंत, भीमा, शिक, हा हातोडा तुझ्या हातात यायला नको. मी शिकलो. नाही आला. मी आयुषला शिकवलं. खरगपूरला पाठवला. आणि तो तिकडे सात समुद्रापलीकडे जाऊन, आपल्या मर्जीने, हौसेने... तोच हातोडा.

प्रेमला: चहा घ्या.

भीमराव: नको. खाली शेजारचे बद्रीनाथ भेटले काल. म्हणाले, ज्येष्ठ नागरिक संघात फ्रान्सवर बोला, आयुषच्या कंपनीबद्दलही सांगा. काय सांगू? आमच्या घराण्याने तीन पिढ्यांत खडीपासून खडीपर्यंत मजल मारली?

प्रेमला: खडी नाही ती. नक्षीचं काम आहे. तीन वर्षांचं शिक्षण आहे, आबा. लेखी परीक्षासुद्धा असते. त्याचे एक उस्ताद आहेत, पांढऱ्या मिशांचे. ह्यांनी निषेध चालवला होता तेव्हा ते मला सगळीकडे फिरवत होते. ते फ्रेंचमध्ये बोलत होते, मी मराठीत. अडलं काही नाही. कमानीतला एक दगड दाखवून ते सारखं म्हणत होते, आयुष, आयुष. ‘श’ म्हणता येत होता त्यांना, ‘ष’ नाही. पण ते आपल्याकडेही कुणाला येत नाही.

भीमराव: तुला सगळं चालतं.

प्रेमला: मला सगळं चालत नाही. त्याने दीड वर्ष आपल्याला सांगितलं नाही, ते मला चाललेलं नाही. मी तिकडे त्याला तसं सांगितलं, रात्रीच्या जेवणाला भेंडी करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो रडला. तुम्ही तेव्हा बाल्कनीत उभे राहून समोरची इमारत बघत होतात.

भीमराव: इमारतीला तडा होता.

प्रेमला: असेल.

भीमराव: आबा, आता तुम्ही बोला.

आबा: काय बोलू?

भीमराव: रागवा. तुम्हाला अधिकार आहे. माझ्यापेक्षा जास्त आहे.

आबा: तू रागवून आलास की. एका घरात एकानं रागवलं तर बास हाय.

भीमराव: तुम्हाला काहीच वाटलं नाही?

आबा: वाटलं. इंजनेर हुता तवा मी समद्यास्नी सांगायचो, आमचा नातू काम्पुटरवर काम करतो. कुनी इचारलं, म्हंजी काय करतो? तर मला सांगता येत नव्हतं. भीमा, आमी खडी फोडली त्यो रस्ता तू बघितलास कधी?

भीमराव: नाही.

आबा: कसा बघशील. झालाच न्हाई. ढीग घातले, मापं घेतली, आन् मिरगाला पाऊस पडला. लोकं पेरायला पळाली. नंतर कुनी आलंच न्हाई. त्या ढिगांवर बाभळी उगवल्या. तुझी आई बाजाराला जाताना म्हनायची, ह्यो ढीग माझा, त्यो तुमचा. मला लई राग यायचा. हात फुटल्याचा न्हाई. हात तर नांगरानं बी फुटत्यात. रस्ता झाला न्हाई ह्याचा.

प्रेमला: हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आबा.

आबा: न झालेल्या रस्त्याचं काय सांगायचं? आयुषची भिंत उभी हाय का?

भीमराव: आहे.

आबा: तू बघितलीस?

भीमराव: पाहिली.

आबा: सरळ हाय?

भीमराव: ओळंब्यात आहे. मी डोळ्याने तपासलं. दोष काढता आला नाही.

प्रेमला: तुम्ही कधी तपासलंत? तुम्ही तर पावाच्या दुकानात होतात.

भीमराव: नंतर. आयुष मला शोधत तिथे आला. त्या बाईने त्यालाही खुर्ची दिली. आम्ही बसलो. त्याने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, बाबा, मला अर्ध्या दिवसाचीच रजा आहे, कामावर जावं लागेल, तुम्ही गाडीत बसता का? मी म्हटलं, गाडी वेशीबाहेर आहे, आणि वेस मला सापडत नाही.

प्रेमला: म्हणून गेलात त्याच्याबरोबर.

भीमराव: नाइलाजाने.

आबा: आन् नुसता बसलास, बघत?

भीमराव: थोडा वेळ बसलो.

आबा: मंग?

भीमराव: तो एका दगडाची कड घडवत होता. लहान दगड होता, पण फळीवर हलत होता. त्याचा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता. तो एक ठोका मारायचा, दगड सरळ करायचा, पुन्हा ठोका. ते मला बघवेना. कामाची पद्धत म्हणून योग्य नव्हतं. तर मी दगड धरला.

प्रेमला: तुम्ही?

भीमराव: हलू नये म्हणून. दोन्ही हातांनी. तो ठोकत होता, मी धरला होता. किल्ला बंद व्हायची घंटा होईपर्यंत.

प्रेमला: मी वर प्रार्थनाघरात रंगीत काचा बघत होते. मला वाटलं, तुम्ही अजून रुसून बसला आहात. आठवडा झाला ह्या गोष्टीला. मला सांगितलं नाहीत.

भीमराव: तू विचारलं नाहीस.

प्रेमला: तुम्ही दगड धरलात का, असं मी नवऱ्याला का विचारेन?

आबा: काय बोललात का तवा, बापलेक?

भीमराव: तो म्हणाला, बाबा, जरा डावीकडे. मी डावीकडे केला. एवढंच.

आबा: हाताला लागलं न्हाई ना तुझ्या?

भीमराव: नाही. हातमोजे होते.

आबा: कुनाचे?

भीमराव: त्याचे. त्याने काढून दिले.

आबा: मंग त्यानं काय घातलं?

भीमराव: ...ते मी पाहिलं नाही, आबा.

आबा: फोन लाव त्याला.

भीमराव: आत्ता? तिकडे अजून उजाडलं नसेल.

आबा: कामाला जानारा मानूस उठला असंल. लाव. हात कसे हायेत, त्येवढं इचारतो.