मामाच्या हातचा पहिला घास

पहिलेच सांगून टाकतो, चूक माझी होती. सुनेची नाही, पोराची नाही, माझी. लिहा तसंच.

आमी अकोटजवळचे, वडिलांपासून म्हशी. घरात दुधाले कमी नाही, आन् त्याचाच मले गर्व. नात झाली, ओवी. सहा महिन्यांची झाली तशी सून वर्षा म्हणे, बाबा, पोरीले आता वरचं खाणं चालू करा लागते, उष्टावण उरकून घेऊ. आता उष्टावणाले पहिला घास मामा भरवते, आन् मामा म्हणजे वर्षाचा भाऊ मंगेश, बार्शीटाकळीचा. त्यानं लग्नात डीजेपुढून आमची पिलेली मंडळी हटवली होती, त्यात मीही होतो, काय सांगू तुमाले. तेव्हापासून त्याले मी दारात येऊ देत नव्हतो. म्हणलं, तो येणार नाही, आन् मामाशिवाय पोरीच्या तोंडाले अन्न लागणार नाही. मंग पोरीले देऊ काय, वर्षा म्हणे. म्हणलं, काहून, गोठ्यातल्या म्हशी शोभेच्या हायेत का?

वर्षा अंगावर पाजायची, वरून मी म्हशीचं दूध वाटीवाटीनं पाजून राहिलो. पोट्टी गोलमटोल, लोक म्हणत लोण्याचा गोळा, मी फुगून जायचो. वर्षा गुपचूप वरण-भात कालवून आणे, मी वाटी उचलून न्यायचो. हो, न्यायचो.

दहाव्या महिन्यात पोट्टी पांढरीफटक. रांगेना, खेळेना. अकोल्याच्या डॉक्टरीण बाईनं रक्त तपासलं, म्हणे, आजोबा, रक्त फार कमी हाये. म्हणलं, दूध तर भरपूर देतो. तेच तर, म्हणे. त्यानं पोट भरते, मंग जेवणाले जागा राहत नाही. आईचं चालू ठेवा, म्हशीचं पोट्टी बारा महिन्यांची होईपर्यंत बंद, आन् वरण, भाजी, अंडं कुसकरून द्या. मी म्हणलं, उष्टावण राहिलं हाये, मामाशी बोलणं बंद हाये. तर म्हणे, मंग मले काहून सांगून राहिले, ज्याले सांगाचं त्याले सांगा.

तसाच एसटीनं बार्शीटाकळी गाठली. नंतर भाऊबंद म्हणे, पोराचा बाप सुनेच्या भावाच्या दारी जाते का, नाक कापलं आमचं. म्हणलं, नाक माझं हाये, तुमी काहून चाचपता? आजही बोलतात. बोलू द्या.

मंगेशनं पाणी देलं, म्हणे, डीजे नाही आणला का सोबत? मी म्हणलं, चुकलो बाप्पा, चाल, पोट्टी उपाशी हाये. तो चप्पल घालत घालतच निघाला.

घरी आल्यावर त्यानं खीर नाही, मुगाची मऊ खिचडी भरवली. बाया ओरडल्या, खिरीशिवाय उष्टावण असते का? म्हणलं, दूध लय झालं या घरात.

आता ओवी भाकर कुसकरून खाते, चालते, आन् दूध जेवणामागून. पण त्या दिवशी पहिला घास तिनं थुंकला, दुसरा गिळला, आन् वर्षा पदराआड रडून राहिली. मी उठलो, साऱ्याईच्या देखत हात जोडले. म्हणलं, वर्षा, तू बरोबर होती. माझ्या अकडीपायी मी तुझ्या पोरीले उपाशी ठेवलं. मले माफ कर, बाई.