डोरीनच्या केकची बोली

—नाही म्हणजे काय? हात वर करायचा, एवढंच तर सांगतोय! पैसे माझे, हात तेवढा तुमचा. नियम? काय नियम? — अच्छा, बातमीदाराने पक्षाच्या जेवणात बोली लावायची नाही, देणगी ठरते. बरं. मान्य. नियम पाळणारा माणूस भेटला की हल्ली मला भरूनच येतं, पण राव, एका केकपुरतं? या दारातून हॉलमध्ये जायचं, भिंतीशी उभं राहायचं, यंदा माझ्या जागी लिलाव करणाऱ्या ब्रेटने पुकारलं ‘डोरीन कुचेरा, आंबट चेरीचा केक’ की हात वर. तुम्हाला इथे नेब्रास्कात कोण ओळखतंय? बूट बघून कळेल शहरातला आहे म्हणून, ते सोडा.

मी स्वतः का नाही जात? अहो, मी तिचा नवरा! घरच्याच माणसाने केक घेतला म्हणजे कुणीच घेतला नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मला आत येऊ नको म्हणून सांगितलंय. तसं तोंडावर नाही — क्लेटन वोस, आमच्या रिपब्लिकन पक्षाचा नवा काउंटी अध्यक्ष, फोनवर फार गोड बोलला. ‘लायल, यंदा तू आराम कर.’ आराम! लिंकनच्या नावाचं हे जेवण दर वर्षी होतं, आणि त्यातला केकचा लिलाव वर्षानुवर्षं मी पुकारत आलोय. धंदाच आहे माझा तो — या भागातली निम्मी ट्रॅक्टरं माझ्या तोंडून विकली गेलीत. बायका केक करून आणतात, लोक इरेला पेटून बोली चढवतात, पैसा पक्षाला जातो. डोरीनच्या केकवर तर मारामाऱ्या व्हायच्या, विचारा कुणालाही. नको, विचारू नका. आज कुणी सांगणार नाही.

केलं काय मी? हां, त्यासाठीच तर आलायत तुम्ही एवढ्या लांबून! ठराव आला होता बैठकीत — परदेशी मालावर जकात बसवली म्हणून वॉशिंग्टनचं अभिनंदन. मी उठलो. म्हटलं, मंडळी, माझ्या बापाने मला दोनच गोष्टी शिकवल्या, देवाला भ्यावं आणि बाजारात सरकारला नाक खुपसू देऊ नये. आता सरकार जकात लावणार, समोरचा देश चिडून आपलं सोयाबीन घेणार नाही, माल कोठारात कुजणार, मग तेच सरकार आपल्याला भरपाई पाठवणार — म्हणजे आपणच कुंपण पाडायचं, गुरं पांगली की घरोघर पेंढ्या वाटायच्या, आणि आम्ही टाळ्या पिटायच्या! हेच त्या दुसऱ्यांनी केलं असतं तर ‘समाजवाद आला, समाजवाद आला’ म्हणून आपण छाती बडवून घेतली असती. एवढंच बोललो. सरकारच्या कर्जाबद्दलही बोललो जरा. जरा म्हणजे — बरंच बोललो.

ए, पण तुम्ही लगेच लिहू नका हं, लायल कुचेरा पलटला म्हणून! दुसऱ्या पक्षाच्या बाईंचाही फोन येऊन गेला. ‘तुमच्यासारख्या विचारी माणसांचं आमच्याकडे स्वागत आहे.’ मी म्हटलं, बाई, तुमचं चाललं तर तुम्ही पावसावर कर लावाल, आणि पाऊस मोजायला नवं खातं काढाल. आमच्या निशाणीवरचा हत्ती पिसाळला म्हणून मी तुमच्या निशाणीवरच्या गाढवावर बसत नसतो! ठेवला फोन. मी रिपब्लिकनच आहे हो. होतो तिथेच उभा आहे — पक्षच खुर्च्या उचलून दुसऱ्या खोलीत गेला, आणि आता तिथून मला विचारतो, तू बाहेर का?

भांडण? छे! भांडले असते तर बरं होतं. आमच्याकडे कुणी भांडत नाही. हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि वाळीत टाकतात. मला टाका ना, माझी कातडी जाड आहे. पण डोरीन? ती कधी एका शब्दाने राजकारण बोलली नाही. मागच्या रविवारी चर्चमधल्या कॉफीला केक घेऊन गेली, परत आली तर केक अख्खा. मला म्हणते, ‘कापायलाच विसरले.’ विसरली! सुरी डब्यातच होती, कुणी तुकडाच मागितला नाही. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसली, कितीतरी वेळ — मी बाहेर उभा, दार वाजवायची हिंमत नाही. हे लिहू नका. आज सकाळी म्हटलं, नको नेऊस केक. तर म्हणाली, ‘मी काय केलंय? मी का घरी बसू? तू गाडीत बस, आत आलास की तोंड उघडशील.’ खरंच आहे तिचं, म्हणून गाडीतून उतरलो तरी दाराबाहेरच थांबलोय.

आणि गंमत बघा — गंमत कसली, डोंबल — चाळीस वर्षांच्या धंद्यात मी कधी खोटा बोलीदार उभा केला नाही. बाजाराला ठरवू द्या, हेच ओरडत आलो. आणि आज स्वतःच्या बायकोचा केक बाजाराच्या हवाली करायची माझी छाती होत नाही. मलाही कुणीतरी पेंढी टाकायला हवीय. हसा, हसा. मीच हसलो असतो.

थांबा! पुकारला. तिचाच. जा ना हो, पाया पडतो — नाही? बरं, गप्प बसा मग, ऐकू द्या. ‘शंभर कोण देतं?’ वेडा आहे हा ब्रेट, पडलेल्या मालाला वरून सुरुवात करतात का! पन्नास… तीस… ताटात बघत असतील सगळे, मला माहितीये, न घेणारा माणूस ताटात बघतो. अरे वीसवर तरी ये! — आलं. वीस. कुणीतरी वीस म्हणालं! बाईचा आवाज. कोण बरं…

डोरीन आहे ती.

स्वतःच्याच केकवर. हसतही नाहीयेत लेकाचे, हसले असते तरी चाललं असतं. ब्रेट ‘एकवार’ म्हणतोय. सरका. अहो सरका दारातून! — ए ब्रेट, थांब! पन्नास! क्लेटन, बस खाली, मी भाषण करत नाहीये, बोली लावतोय. पन्नास म्हटलं! — साठ? अगं डोरीन, तू माझ्यावरच बोली चढवतेस? बरं. बरं, बाई. सत्तर! — तुम्ही जा हो आता, आणि दार ओढून घ्या, गारठा येतोय आत.