रेणूताईंनी जुळवलेली मोटारसायकल

आपल्या मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष अप्पाराव, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे एकनाथराव, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या प्राध्यापिका रेणूताई बिराजदार, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून वाट काढत बरकतपुऱ्याच्या ह्या सभागृहात पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण रेणूताई माझे ओठ वाचतायत. माईकही तोंडासमोरून थोडा बाजूला घेतलाय. मागच्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा.

मी मिलिंद. ताईंच्याच पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल विभागात शिकवतो. पुण्याहून नवा आलो तेव्हा इथल्या दखनी बोलीतलं ‘हौ’ आणि ‘नक्को’, म्हणजे आपलं हो आणि नको, मला ताईंनी शिकवलं. त्यांचं घराणं जुन्या निजामी मुलखातलं, त्यामुळे त्यांची दखनी इथल्या पोरांपेक्षाही झकास.

त्या काळी ताई दारातूनच इंजिन ऐकायच्या आणि सांगायच्या, “व्हॉल्व्ह सैल झालेत.” मग त्यांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले.

त्या परत रुजू झाल्या तेव्हा प्राचार्यांनी, मनात काही वाईट न ठेवता, त्यांना ग्रंथालयाचं काम सुचवलं. तिथे शांतता असते, म्हणाले. ताई म्हणाल्या, “शांतता मला आता कुठेही मिळते, सर. मला वर्कशॉप हवंय.”

त्या वर्षी मुलं कॉलेजांच्या मोटारसायकल स्पर्धेची तयारी करत होती. ती स्पर्धा होईपर्यंत बघू, असं ठरलं. म्हणजे गाडी जमली नाही तर ग्रंथालय, हे ताईंना न सांगताही कळलं.

गाडी जुनी, कार्बुरेटरची. मुलांनी तिचा एअरबॉक्स, म्हणजे हवा आत घेणारी पेटी, काढून उघडा फिल्टर बसवला होता आणि मोकळा सायलेन्सर लावला होता. गाडी वेगवान व्हायच्या ऐवजी अडखळायला लागली. ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की श्वास कोंडल्यासारखी थांबायची आणि मग धक्का देऊन पुढे जायची. मुलं म्हणाली, जुना एअरबॉक्स परत लावू. ताईंनी मान हलवली. “हवा आपण वाढवली. पेट्रोल होतं तेवढंच आहे. आता ते वाढवायचं.”

पण कार्बुरेटर जुळवतात कानांनी. मी स्वतः तसाच जुळवतो. ताईंनी काय केलं? त्यांनी मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मूठ जेमतेम उघडली असताना लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, काम करतो, मधल्या टप्प्यात सुई आणि पूर्ण उघडल्यावर मोठा जेट. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते चालवणाऱ्या विद्यार्थिनीने, स्नेहाने सांगायचं. मग स्नेहा पूर्ण वेगात जाऊन इंजिन बंद करायची आणि ताई गरम स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायच्या. पांढरा फटक असला तर पेट्रोल कमी, काजळी धरलेला असला तर जास्त. जेट बदलायचा, सुई एक खाच वर घ्यायची, पुन्हा फेरी. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा शेवटचा स्क्रू त्यांनी टाकीवर तळहात ठेवून, थरथर जाणून घेत लावला. अनेक दिवस हे चाललं. एके दिवशी प्लग चहाच्या रंगाचा निघाला. गाडी सरळ, न अडखळता ओढायला लागली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीत गाडी नापास झाली. कारण? आवाज. सायलेन्सर इतका मोकळा होता की तपासणारे कानांवर हात ठेवून उभे होते. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मुलांकडे वळल्या. “इतका आवाज होता?”

स्नेहा खाली बघत म्हणाली, “हौ मॅडम. आपको बुरा लगता बोलके नहीं बोले.”

स्नेहाची मान खाली. ताईंना शब्द कळले नाहीत. त्यांनी तिची हनुवटी वर केली आणि पुन्हा बोलायला लावलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, हे वाचल्यावर त्या म्हणाल्या, “ऐकू मला येत नाही. तुम्ही का मुके झालात?”

इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा कापरा झालेला ऐकला नव्हता. मला वाटलं, आता त्या घरी जातील. त्यांनी डोळे पुसले आणि पाना मागितला.

सायलेन्सरमध्ये आवाज दाबणारी नळी बसवायची होती. ती बसवली की धूर बाहेर पडायला अडणार, म्हणजे जुळवलेलं सगळं बिघडणार. फेरतपासणी दुपारच्या आत होती. हवा कमी तर पेट्रोलही कमी, म्हणून ताईंनी मोठा जेट काढून एक नंबर लहान घातला, सुई खाली उतरवली आणि स्नेहाला समोर उभं केलं. “जे ऐकू येईल ते सगळं सांग. माझी काळजी नक्को.” स्नेहा सांगत गेली. फटफट होतेय. आता कमी झाली. आता जड वाटतेय. ताई स्क्रू फिरवत गेल्या.

गाडी पास झाली. शर्यतीत पहिली आली नाही, मधेच कुठेतरी आली. पण शेवटच्या फेरीपर्यंत एकदाही अडखळली नाही.

सोमवारी ताई स्वतःहून प्राचार्यांकडे गेल्या. आवाज आपल्याला कळला नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, “प्रत्येक प्रॅक्टिकलला एक विद्यार्थी माझ्याशेजारी उभा राहील आणि ऐकलेलं सांगेल. एवढी मदत द्या. बदली देऊ नका.” प्राचार्य हो म्हणाले. ताई आजच्या दिवसापर्यंत वर्कशॉपमध्येच शिकवत राहिल्या. त्यांच्या शेजारी उभं राहायला मुलांमध्ये भांडणं व्हायची, हे मी पाहिलंय.

निवृत्तीनंतर आराम करा, असं मी त्यांना परवा म्हणालो. त्यांनी कुकटपल्लीला एक शेड बघून ठेवलीय. तिथे त्या बायकांना गाडी दुरुस्ती शिकवणार आहेत. माझी पत्नी ज्योतीने नाव घातलंसुद्धा, मला न विचारता.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. भाषणाची सवय नाही. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही उणंअधिक बोललो असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. ताई, शेडला शुभेच्छा. उद्घाटनाला आम्ही सगळे येतो.