कमळाचं कूळ

आमच्या वेळच्या पुस्तकात कमळ आणि वॉटर लिली एकाच कुळात सुखाने नांदत होती. परवा पुष्पस्पर्धेच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू आणि त्यांची वनस्पतिशास्त्र शिकवणारी पुतणी होती.

"काकू, यंदा तुझं कमळ आणि आईची लिली वेगळ्या गटांत."

"का गं? जुळ्या भावंडांसारखी तर दिसतात!"

"दिसण्यावर जाऊ नकोस. डीएनए तपासला, तर कूळच वेगळं निघालं."

"चुलीत घाल तो डीएनए! मला यंदा तुझ्या आईला हरवायचंय. दरवर्षी पहिला नंबर घेऊन मिरवते."

"कमळाच्या गटात तू एकटीच आहेस."

"म्हणजे पहिली मीच? मग बाई, विज्ञानापुढे कुणाचं काय चालतं! तुझ्या आईला मात्र पटायचं नाही."

"लगेच पटलं. लिलीच्या गटात तीही एकटीच आहे."