विलायती पोरगी सुटल्याची थाप

थापा मी जन्मभर मारल्या, पण हीच एक अंगाशी आली. डोंगरावरच्या वस्तीतले मेंढपाळ सखातात्या खाली शिवरे गावातल्या माझ्या टपरीवर मोबाईलमध्ये एक विलायती मालिका बघायचे, मी अर्थ सांगायचो. त्यातली पोरगी हरवलेल्या माणसाचा कपडा हातात घेऊन त्याचा ठिकाणा सांगायची, म्हणून सरकारनं तिला गुपचूप कोंडलेलं. सहा भागांतच मालिका बंद पडली. तात्यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, "ती सुटली, तात्या."

दुसऱ्याच दिवशी तात्या आले ते देवऋषाकडं न्यावा तसा सदरा घेऊन. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या लेकाचा.

"तिला एवढा दाव."

"तात्या, मालिका बंद पडलीया. ती पोरगीबी खोटी, मीबी खोटं बोललो."

तात्यांनी सदऱ्याची घडी घातली. हळूच म्हणाले, "सरकारनं तुलाबी दम दिला व्हय?"